दारनोंदीची दोन वर्णने

डीबगर म्हणजे काय, असे वडिलांनी एकदा विचारले होते. आमची खाडीकाठची भातशेती अजून आहे, पण वडिलांचा बहुतेक वेळ बांधकामाचे साहित्य पुरवण्यात जातो. म्हणून मी उदाहरण इमारतीचे दिले. भिंतीआड नळ आणि तारा गेलेल्या असतात. गिलावा झाला की त्या दिसत नाहीत. बांधताना कोणी नकाशा काढून ठेवला असेल, तर पुढे गळती झाल्यावर भिंत नेमकी कुठे फोडायची ते कळते. प्रोग्रॅमचेही तसेच असते. माणसाने लिहिलेल्या मजकुराचे यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करणारा कम्पायलर सोबत एक नकाशाही लिहितो: अमुक पत्त्यावर दाराची स्थिती आहे, तिच्या पुढे दार किती वेळा अडले याची मोजणी आहे. या नकाशाला डीबग माहिती म्हणतात. बिघाड झाला की डीबगर यंत्राची स्मृती आणि हा नकाशा शेजारी ठेवतो आणि उघड्या आकड्यांना नावे देतो.

"आनि नकाशाच चुकला असंल तर?" वडिलांनी विचारले.

"मग डीबगर तो वाचायला नकार देतो."

"शाना हाय," ते म्हणाले आणि वाजणारा फोन घ्यायला उठले.

त्या काळात मी डीबगरचा हा नकार दोष समजत होते आणि तो काढून टाकण्याचे काम माझ्याकडे होते.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी संशोधनाकडे न जाता वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत दोन गाळ्यांत चालणाऱ्या एका कंपनीत रुजू झाले. आम्ही लिफ्टची नियंत्रणे बनवत असू. आचोळ्यापासून चंदनसारपर्यंत सात मजली इमारती ज्या वेगाने उभ्या राहत होत्या, तो वेग पाहता कामाला तोटा नव्हता. सॉफ्टवेअर लिहिणारे आम्ही दोघेच होतो. तिसऱ्या वर्षी मालकांनी, ज्यांना आम्ही सर म्हणत असू, सॉफ्टवेअरसाठी वेगळा विभाग करण्याचे आणि त्याला प्रमुख नेमण्याचे बोलून दाखवले. ते पद मला हवे होते. ही गोष्ट मी कोणापासून लपवली नाही. दुसऱ्या उमेदवारापासूनही नाही.

दुसरा उमेदवार, त्याला तसे म्हणता आले तर, म्हणजे अंकल. माणिकपूरजवळच्या एका जुन्या गावातले हे ख्रिस्ती गृहस्थ कंपनीच्या पहिल्या दिवसापासून तिथे होते आणि सरांसकट सगळे त्यांना अंकलच म्हणत. दाराचे मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचा दारापुरता भाग, त्यांचे. दार कधी उघडायचे, कधी मिटायचे, मध्ये काही आले तर काय करायचे, हे सगळे त्यांनी लिहिले होते. रस्त्याने जाताना ते इमारतींकडे बोट दाखवून "इथे माझे दार आहे" असे म्हणत, जणू सुतार बोलतो आहे.

अंकलची एक पद्धत होती. एखादा भाग लिहून, कम्पाइल करून, चाचणीत उतरला की त्याची तयार फाइल ते जुन्या संगणकावरच्या 'पास' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवत आणि पुन्हा कधीही कम्पाइल करत नसत. नवे नियंत्रण बनवताना त्या तयार फाइली जशाच्या तशा जोडल्या जात. त्यामुळे आमचा अंतिम प्रोग्रॅम म्हणजे निरनिराळ्या वर्षांत, निरनिराळ्या कम्पायलरांनी केलेल्या तुकड्यांची जोडणी होती. दाराच्या फाइलवर मी सहावीत असतानाची तारीख होती.

"सगळं एकदा नव्या कम्पायलरने परत करून घेऊ या," मी म्हटले होते.

"पास झालेल्या पोराला परत त्याच इयत्तेत बसवतेस काय, बाय?"

"अभ्यासक्रम बदलला असेल तर बसवावं लागतं."

"मग तू बस. माझा पास झालाय."

माझा वाटा नवा होता: लिफ्ट चालू असताना सर्व भागांच्या नोंदी पाळीपाळीने तपासणारे आणि काही अशक्य आढळले तर लिफ्ट थांबवणारे सुरक्षा मॉड्यूल. ते मी नव्या कम्पायलरवर लिहिले. त्यात स्मृतीतली जागा वाचवण्याचा एक पर्याय होता. तो मी सुरू केला, कारण नियंत्रणाची स्मृती लहान होती आणि मला तिचा नीट उपयोग करून दाखवायचा होता. हे मॉड्यूल पहिल्यांदा बसले ते चंदनसारच्या एका सोसायटीत.

दोन आठवड्यांत तिथल्या सेक्रेटरी बाईंचा फोन आला. त्या शाळेत शिक्षिका होत्या आणि फोनवरही वर्गात बोलल्यासारख्या बोलत.

"मॅडम, तुमची लिफ्ट अडकली. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे."

"आत कोणी आहे का?"

"आहेत ना. चौथ्यावरचे काका. पंचवीस किलो तांदळाची गोण घेऊन. विचारलं मी, ठीक आहात का. तर आतून म्हणतात, गोणीवर बसलोय, टेन्शन नाही."

काकांना वॉचमनने किल्लीने दार उघडून बाहेर काढले. लिफ्ट बंद करून पुन्हा सुरू केल्यावर नीट चालली. आठवड्याने पुन्हा अडकली, त्यानंतर चार दिवसांनी तिसऱ्यांदा. आमचे नियंत्रण थांबताना त्या क्षणाच्या स्मृतीची प्रत एका कार्डावर लिहून ठेवते. तिन्ही प्रती माझ्याकडे आल्या. त्या डीबगरमध्ये उघडल्या की एकच उत्तर मिळे: माहिती विसंगत आहे, फाइल वाचता येत नाही.

कारण उघड होते. डीबग माहिती कशी लिहावी याची सर्वमान्य पद्धत ठरलेली आहे, पण तिच्या आवृत्त्या अनेक आहेत आणि प्रत्येक कम्पायलर तिचा अर्थ थोडा आपल्या सोयीने लावतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये अशा तीन पिढ्यांचे नकाशे एकाच फाइलमध्ये चिकटवलेले होते. डीबगर पहिल्या विसंगतीला पुस्तक मिटत असे. सर म्हणाले, "त्याला जरा समजूतदार कर. आपल्याला सगळा नकाशा नकोय, दाराजवळचा भाग दिसला तरी पुरे." त्या साधनाचा मूळ मजकूर आमच्याकडे होता, म्हणून हे शक्य होते.

ते काम मी सहा दिवसांत केले आणि मला ते आवडले. आधी डीबगरने पहिल्या तक्रारीवर थांबू नये, सगळ्या तक्रारी सांगाव्यात, अशी व्यवस्था केली. शेकडो निघाल्या. बहुतेक निरुपद्रवी होत्या. एका नकाशाच्या मथळ्यावर जुन्या आवृत्तीचा क्रमांक होता आणि आत कलमे नव्या आवृत्तीची होती; तिथे मथळ्याकडे दुर्लक्ष करून आतल्या मजकुरावर विश्वास ठेवायचा. कुठे एखाद्या भागाची सांगितलेली लांबी आणि खरी लांबी यांत फरक होता. तिथे पुढच्या भागाची खूण शोधून तिथून वाचायला लागायचे. अनोळखी खुणा तर कितीतरी होत्या, पण त्यांनी व्यापलेली जागा ठाऊक असली की अर्थ न कळताही ओलांडता येतात. प्रत्येक नियम लिहिताना मी वहीत त्याचे समर्थन लिहीत होते. ही सवय प्रयोगशाळेची.

एक तक्रार वेगळ्या जातीची होती. दाराची सगळी माहिती एकत्र ठेवणारी 'दारनोंद' नावाची एक रचना होती. तिचे वर्णन नकाशात दोनदा आले होते, एकदा अंकलच्या फाइलमधून, एकदा माझ्या फाइलमधून, आणि दोन्ही वर्णने जुळत नव्हती. अंकलच्या नकाशात दाराच्या स्थितीनंतर स्मृतीतले एक घर रिकामे सोडून मग अडल्याची मोजणी होती. माझ्या नकाशात ते रिकामे घर नव्हते. मी वहीत लिहिले: "जुना कम्पायलर अविश्वसनीय, नंतरचे वर्णन ग्राह्य." समर्थनाची जागा त्या एका नियमासमोर कोरी आहे. ती वही अजून माझ्याकडे आहे.

नियम बसले. तक्रारी मी पडद्यावरून काढून टाकल्या, कारण त्यांच्या गर्दीत कामाचे काही दिसत नव्हते. त्यानंतर स्मृतीची प्रत विनातक्रार उघडली. सगळ्या नावांसमोर आकडे होते. 'दार अडल्याची मोजणी' या नावासमोर ५१२ होते.

एका मजल्यावर दार पाचशे बारा वेळा अडणे अशक्य आहे. माझ्या सुरक्षा मॉड्यूलने दहापेक्षा मोठी मोजणी पाहिली की लिफ्ट थांबवायची, असेच ठरले होते. म्हणजे माझे मॉड्यूल योग्य वागले होते आणि ही मोजणी लिहिणारे मॉड्यूल अंकलचे होते. सरांना पडदा दाखवला.

"म्हणजे अंकलचं जुनं काम," सर म्हणाले.

"तसं दिसतंय."

"पंधरा वर्षांनी कुजलं म्हणायचं." त्यांनी पडदा पुन्हा पाहिला. "बरं. दाराचं सगळं तू नव्याने लिही. विभाग तुझ्याकडे. अंकलना मी सांगतो. त्यांना आता आरामच द्यायला हवा."

मी 'तसं दिसतंय' असे म्हटले होते, 'तसं आहे' असे नाही. हा फरक मला तेव्हाही कळत होता. तो सरांसमोर उलगडून सांगण्याची निकड मात्र वाटली नाही.

चहाच्या वेळी अंकल माझ्या टेबलाशी आले. त्यांना सरांनी अजून काही सांगितलेले नव्हते, पण गाळ्यात दोन भिंतींपलीकडे बोललेले ऐकू येते.

"किती दाखवतो म्हणालीस?"

"पाचशे बारा."

त्यांनी कप टेबलावर ठेवला. "ते पाचशे बारा नाय, बाय. दोन आहे. एक घर सरकलेला दोन."

"तुमचंच मॉड्यूल लिहितंय ते, अंकल. सरकवलं असेल तर तुम्ही."

"मी नाय सरकवला."

"पुरावा पडद्यावर आहे."

"पडदा तूच शिवलास ना?" ते म्हणाले, कप उचलला आणि गेले.

शुक्रवारी दुपारी सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावले. बाहेर आल्यावर त्यांनी खणातली पट्टी, चष्म्याचे घर आणि एक छोटा पाना पिशवीत टाकला. सोमवारपासून त्यांनी यायचे नव्हते. लागले तर बोलावू, असे ठरले होते. ज्या जागी त्यांनी आपली सगळी उमेदीची वर्षे काढली होती, तिथून त्यांचे जाणे एका आकड्यावर ठरले होते आणि तो आकडा मी वाचला होता. जाताना ते कोणाशी कडू बोलले नाहीत. मला म्हणाले, "दार नीट लिही. लोक आत असतात."

शनिवारी सकाळी मी नव्या दार मॉड्यूलची आखणी करायला बसले. सुरुवात म्हणून जुने मॉड्यूल काय काय लिहिते याची यादी हवी होती, म्हणून तिन्ही प्रती शेजारी उघडल्या. अडल्याची मोजणी: पहिल्या प्रतीत ५१२, दुसऱ्यात २५६, तिसऱ्यात ५१२.

कुजलेली मोजणी अशी नसते. यंत्रात आकडा बिघडला तर तो कसाही बिघडतो. येथे तिन्ही आकडे दोनशे छप्पन्नच्या पटीत होते. आमच्या यंत्रात एका घरातला आकडा शेजारच्या घरात गेला की त्याचे मोल दोनशे छप्पन्नपट होते. शाळेत एककाच्या घरातला दोन दशकाच्या घरात लिहिला की वीस होतो, तसेच. दोन, एक, दोन. हे पहिल्या दिवशीच, एका प्रतीवर न थांबता तिन्ही उघडल्या असत्या, तर दिसले असते. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एका वाचनावर निष्कर्ष काढला असता तर मी त्याची वही परत केली असती.

डीबगरची मदत न घेता मी स्मृतीचे उघडे आकडे कागदावर छापले आणि घरे पेन्सिलीने मोजली. दाराची स्थिती. मग एक रिकामे घर. मग दोन. अंकलच्या नकाशाप्रमाणे सगळे जागच्या जागी होते. ५१२ स्मृतीत कुठेच नव्हते. ते माझ्या डीबगरने माझ्या नकाशाने वाचून तयार केले होते.

इथपर्यंत केवळ डीबगर चुकला होता. पुढचा प्रश्न वाईट होता. डीबगर चुकीच्या नकाशाने वाचत होता म्हणून ५१२ दिसले. मग लिफ्ट का थांबली? ती तर डीबगरशिवाय थांबली होती. उत्तर मला प्रश्न पूर्ण होण्याआधी कळले. माझे सुरक्षा मॉड्यूलही याच नकाशाप्रमाणे बांधलेले होते. जागा वाचवण्याच्या पर्यायाने त्यातले रिकामे घर काढून टाकले होते. अंकलची फाइल जुनी, रिकामे घर धरून चालणारी. दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये, एकाच नोंदीवर काम करत होत्या. अंकलचे मॉड्यूल दोन लिहीत होते आणि माझे तिथेच पाचशे बारा वाचत होते.

मी डीबगरमधले माझे सगळे नियम बंद केले आणि तक्रारींची मूळ यादी पुन्हा काढली. त्या शेकडो ओळींत एक ओळ होती: दारनोंद, दोन वर्णने परस्परविरोधी. साध्या, कोरड्या शब्दांत बिघाडाचे नेमके ठिकाण तिथे लिहिलेले होते. बाकी तक्रारी नकाशे लिहिण्याच्या सवयींविषयी होत्या. ही एक प्रोग्रॅमविषयी होती. मी सगळ्यांना एकच वागणूक दिली होती.

अजून एक दुवा राहिला होता. दारात हात घातला की मोजणी वाढत असेल, तर लिफ्ट रोज दहा वेळा थांबायला हवी होती; मिटत्या दारात हात घालत नाही असा रहिवासी कुठे असतो? स्कूटर काढून मी चंदनसारला गेले. सेक्रेटरी बाई खालीच भेटल्या. लिफ्टच्या आतल्या बाजूला त्यांच्या वळणदार अक्षरात पाटी होती: दारात चप्पल ठेवू नये.

"लोक चप्पल ठेवतात?" मी विचारले.

"मग काय. एक जण बाहेर पळत येतो, दारात चप्पल टाकतो, आणि आत आवाज देतो, चला रे, लिफ्ट पकडलीय. तोपर्यंत आई साडी नीट करणार, बाबा गॅस बघून येणार. मी पाटी लावली तर मला म्हणतात, टीचर, इथे पण होमवर्क देणार का."

हा दुवा पूर्ण झाला. दारावर प्रकाशाच्या किरणांची जाळी असते. हात मध्ये आला की किरण तुटतो आणि दार अंगाला न लागता उघडते. ते मोजले जात नाही. सगळ्यात खालचा किरण जमिनीपासून काही बोटे वर असतो. चप्पल त्याच्याखाली पडून राहते, दार तिच्यावर प्रत्यक्ष आदळते आणि आदळणे तेवढे मोजणीत जाते. गाळ्यातल्या चाचण्यांत आम्ही शेकडो वेळा हात घातला होता. चप्पल कोणी ठेवली नव्हती.

"मला एकदा करून बघायचंय," मी म्हटले.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम अडकणार?"

"हो. वॉचमनला किल्ली घेऊन तिसऱ्यावर उभं करा."

त्यांनी वॉचमनला हाक मारली. मी आत गेले, माझी चप्पल उंबऱ्यावर ठेवली. दार तिच्यावर आदळले, उघडले, पुन्हा आदळले. मी चप्पल उचलून पायात घातली, दार मिटले आणि मी सातव्याचे बटण दाबले. तिसरा मजला मागे पडल्यावर लिफ्ट एका हलक्या धक्क्याने थांबली. मी वेळ लिहून घेतली.

खालून सेक्रेटरी बाईंचा आवाज आला. "मॅडम, काका विचारतात, बसायला गोण पाठवू का?"

वॉचमनने वीस मिनिटांत बाहेर काढले. प्रयोग यशस्वी झाला होता. ज्या गृहीतकाची सिद्धता झाली ते माझ्याविरुद्धचे होते, एवढाच फरक. माझे मॉड्यूल दुरुस्त होईपर्यंत लिफ्ट बंद ठेवायला सांगून मी थेट गाळ्यावर आले. शनिवारी सर तीनपर्यंत असत.

स्कूटरवर मी पर्यायांचा विचार केला नाही असे लिहिणे खोटे ठरेल. मॉड्यूल गुपचूप दुरुस्त करता आले असते. लिफ्ट चालू झाली असती, अंकलचे दार नव्याने लिहिले गेले असते, आणि ५१२ चा खुलासा कोणी मागितला नसता, कारण तो आकडा वाचू शकणारे दोघेच होतो आणि त्यांतले एक घरी बसले होते. तर्कदृष्ट्या या मार्गात उणीव नव्हती. वसईचा पूल येईपर्यंत तो मार्ग माझ्यासमोर होता. त्यानंतर का नव्हता, याचे चांगले स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. अंकल म्हणाले होते तो पडदा खरोखर मीच शिवला होता, आणि त्यातून दिसलेली चुकीची गोष्ट मी एका माणसाच्या नावावर लावली होती, हे मला ठाऊक होते. ठाऊक असलेली गोष्ट नोंदीबाहेर ठेवणे मला जमत नाही.

सरांना मी कागदावर घरे काढून दाखवली. त्यांना समजायला वेळ लागला नाही. ते स्वतः इंजिनीअर होते.

"म्हणजे चूक तुझी."

"जागा वाचवण्याचा पर्याय माझा. नंतरचं वर्णन खरं मानायचं, हा नियमही माझा. अंकलच्या मॉड्यूलमध्ये या बिघाडाचं काही नाही."

"परवा पडदा दाखवताना खात्री नव्हती तुला?"

"नव्हती."

"बोलली नाहीस."

"नाही."

त्यांनी खुर्ची मागे ढकलली. "मी काल त्यांना घरी पाठवलंय. कळतंय का तुला? पंधरा वर्षं इथे काढलेला माणूस. आता मी कुठल्या तोंडाने फोन करू?"

"मी जाते घरी."

"जा. आणि विभागाचं पद सध्या राहू दे. ते कोणाला द्यायचं ते मी नंतर बघेन."

मी हो म्हटले. पद गेल्याचे मला वाईट वाटले, अपेक्षेपेक्षा थोडे जास्तच.

रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा सुटल्यानंतरची वेळ धरून मी अंकलच्या गावी गेले. ते अंगणात विहिरीचा पंप उघडून बसले होते. अंगात चर्चला जातानाचा पांढरा सदरा तसाच होता, बाह्या दुमडलेल्या. आंटींनी आतून त्यांच्या घरच्या बोलीत काही विचारले, त्यांनी तसेच उत्तर दिले. मीही याच तालुक्यातली, पण आमची बोली वेगळी. मला त्यातले निम्मे कळले. ती कंपनीतली मुलगी आली आहे, आणि चहा टाक, एवढे.

मी उभ्याउभ्या सगळे सांगितले. चप्पल, रिकामे घर, पर्याय, नियम. त्यांनी मध्ये अडवले नाही. पाना हातात तसाच होता.

"मोजणी दोनच होती," मी म्हटले. "तुम्ही म्हणालात तशी."

"ते मला माहीत होतं. तुला कळलं हे बरं झालं." त्यांनी पंपाचे झाकण बाजूला ठेवले. "सरांना काय सांगितलंस?"

"हेच."

"तुझं नाव घालून?"

"हो."

"मग प्रमुख कोण आता?"

"कोणी नाही."

ते हसले. "छान. दोघांनी मिळून एक खुर्ची रिकामी केली."

आंटी चहा घेऊन आल्या आणि मला उभे ठेवल्याबद्दल अंकलना रागावल्या. मी बाकावर बसले.

"उद्या येणार का, अंकल? सरांनी विचारलंय."

"सरांनी विचारलंय की तू विचारतेस?"

"मी विचारतेय. सरांना फोन करायला अवघड वाटतंय."

त्यांनी पान्याने पंपाचा एक नट सैल केला. मग म्हणाले, "डीबगरचं काय केलंस? परत भांडखोर केलास?"

"नाही. तसा तो कामाचा नाही. काहीच उघडत नाही. निरुपद्रवी विसंगती तो सोडून देईल. पण दोन वर्णनं एकमेकांच्या विरुद्ध असली, तर एक निवडणार नाही. दोन्ही आकडे शेजारी दाखवेल, कोणत्या फाइलमधून आले तेही."

"आणि खरा कुठला ते कोण ठरवणार?"

"आपण बसून."

"म्हणजे माझ्या पास फोल्डरवर तू बोट ठेवणार."

"माझ्या फाइलींवरही ठेवणार."

त्यांनी चहा संपवला. "माझं दार तू लिहायला घेतलंस काय?"

"आखणी केली होती. फाडली."

"फाडायची कशाला, दाखवायची होतीस," ते म्हणाले. "साडेनऊला येतो."

"ऑफिस नऊचं आहे."

"मी साडेनऊलाच येत आलोय."

सोमवारी ते साडेनऊला आले. सर केबिनमधून बाहेर येऊन त्यांच्याशी काहीतरी हळू बोलले, ते मी ऐकले नाही. मग अंकल माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. नव्या डीबगरने संपूर्ण प्रोग्रॅम वाचला होता आणि परस्परविरोधी अशा चार रचना वेगळ्या काढल्या होत्या. दारनोंद त्यांतली एक. उरलेल्या तिन्हींनी अजून कुठे लिफ्ट थांबवली नव्हती.

पहिली होती मजल्यांच्या क्रमांकांची. अंकलनी चष्मा लावला, दोन्ही आकडे वाचले, बोटाने घरे मोजली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"हा माझा चुकलाय," ते म्हणाले. "लिहून घे."

मी लिहून घेतले आणि आम्ही दुसरी उघडली.